रविवारचे पाय

चांगल्या कामाला निधी जमवायचा म्हणून डोंगर चढायचा, या व्यवहाराची मला नेहमी गंमत वाटते. देणगी देणाऱ्याला डोंगराशी काही घेणंदेणं नसतं. कुठल्यातरी रुग्णालयाला यंत्र हवं असतं, नाहीतर एखाद्या शाळेला खोल्या. त्यासाठी आपण उंचावर जाऊन घाम गाळायचा आणि त्या घामाकडे बघून ओळखीपाळखीच्यांनी खिशात हात घालायचा. म्हणजे लोक पैसे मोजतात ते आपल्या कष्टांचे. मग आधी सराव करून तेच कष्ट कमी करून घेणं ही त्यांची फसवणूक नाही का? आमच्या गटात हा वाद शनिवारी सकाळी पहिल्या चढावर रंगला, कारण तेव्हा बोलायला दम शिल्लक होता.

आम्हाला जायचंय किलिमांजारोला, म्हणजे ५८९५ मीटरवर. सरावाच्या टेकड्या त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. तरीही लागोपाठ दोन दिवस चालायचं, हा प्रमुखांचा हट्ट. त्यामागचं कारण शनिवारी कळत नाही. शनिवारी सगळेच शूर असतात. सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या भरलेल्या असतात आणि त्या कोणाच्या किती यावरून फुशारक्या चालतात. (वजनाला पाणीच बरं. माथ्यावर ओतून देता येतं आणि उतरताना गुडघे दुवा देतात. दगड भरणारेही असतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं!)

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून चालतो: नकाशावरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पंधरा किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार तास. हिशेब चोख आहे, पण त्यात बुटाची नाडी बांधायला थांबणं नाही, फोटो नाहीत आणि ‘पुढच्या वळणावर बसू’ म्हणत चारदा बसणंही नाही. आमच्या गटाला त्यात बरीच भर घालावी लागते. नेस्मिथसाहेब बहुधा न बोलता चालत असावेत.

खरा मामला उताराचा. चढताना धाप लागते, छाती धडधडते, म्हणून आपण चढालाच घाबरतो. पण चढ निदान प्रामाणिक असतो. जे काय घ्यायचं ते तिथल्या तिथे घेतो. उतारावर श्वास शांत, गप्पा सुरू, आणि तेवढ्यात मांड्यांचं काम तमाम होत असतं. प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचा भार थोपवताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचं दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. म्हणून रविवारी सकाळी अंथरुणातून उठणारे पाय आपले नसतातच. तेच पाय बुटात घालून पुन्हा डोंगराला लावायचे, हाच सगळा सराव. किलिमांजारोवर सलग सहा-सात दिवस चालायचंय. तिथे ताजे पाय फक्त पहिल्या दिवशी.

आणि या दुखण्यात एक सवलत आहे. स्नायू एकदा असे दुखावून सावरले की पुढचे काही आठवडे तशाच उताराला तेवढे कुरकुरत नाहीत. मला ही सोय फार आवडते. देणगीदारांना सांगू नये इतकी.

पायाचं पुष्कळसं काम घरच्या जवळ होतं, विरळ हवेचं मात्र होत नाही. त्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि त्याची सवय कुठल्याही बुटक्या टेकडीवर लागत नाही. तिथे उपाय एकच, सावकाश चढणं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असं सांगतात. व्यायामाने कमावलेला माणूस विरळ हवेत आडवा होऊ शकतो आणि मागून रेंगाळत येणारा माथ्यावर पोचू शकतो. आमच्या गटातल्या रेंगाळणाऱ्यांना हे कळल्यापासून त्यांची चाल आणखीच संथ झाली आहे.

रविवारी शेवटच्या उतारावर सगळे काठ्या टेकत, तिरके तिरके उतरत होते. शनिवारचा वाद पुन्हा काढायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. खाली उतरल्यावर फोन पाहिला. निधीसाठी गळ घातलेल्या एका काकांचा निरोप आला होता: “आणि वर पोचलीच नाहीस, तर आमचे पैसे परत का?”

मी कळवलं, “काका, पैसे थेट संस्थेकडे जातात. मी अर्ध्यातून परतले तरी तुमची पावती पक्की.”

बराच वेळ उत्तर नाही. मग रक्कम भरल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ आणखी एक ओळ: “तरीपण फोटो वरचाच पाठव.”