दक्षिण आफ्रिकेत माहिती अधिकाराचा अर्ज आणि एका शिक्क्याची गोष्ट (माझा अनुभव)

आधीच सांगते, व्हिसा, ॲडमिशन, होस्टेल याबद्दल विचारू नका, ते सगळं नीट झालं त्यामुळे मला आता धड आठवतही नाही. डोक्यात बसलाय तो एक रबरी शिक्का.

मी साताऱ्याची. इथे जर्नलिझमचा डिप्लोमा केला, दोन वर्षं पेपरात घासली, मग दक्षिण आफ्रिकेत मखांदाला ऱ्होड्स युनिव्हर्सिटीत शिकायला गेले. मखांदा म्हणजे आधीचं ग्रॅहम्सटाउन, २०१८ ला नाव बदललं. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. गावात १८७० पासून चालू असलेला 'ग्रोकॉट्स मेल' नावाचा पेपर आहे, तो २००३ मध्ये युनिव्हर्सिटीनेच घेतला. म्हणजे पोरांनी लिहिलेलं फाइलमध्ये पडून राहत नाही, गावातली माणसं वाचतात आणि चुकलं की दुकानात गाठून ऐकवतात. आपल्याकडे मी डिप्लोमात 'आरटीआय म्हणजे काय' यावर दहा मार्कांचा प्रश्न लिहिला होता, अर्ज मात्र एकदाही टाकला नव्हता.

तर प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला पाण्याचे टँकर. तिकडेही टँकर आहेत हो, आणि लोडशेडिंगला ते लोडशेडिंगच म्हणतात. २०२३ साल, कधी कधी स्टेज ६ (आकडा मोठा तितकी वीज जास्त वेळ जाते), आपल्याला काय नवीन. एका नगरपालिकेकडून (कुठली ते लिहीत नाही, उगाच कशाला) टँकरच्या कंत्राटाची कागदपत्रं हवी होती. त्यांचा माहितीचा कायदा २००० चा, आपल्या केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षं आधीचा, आणि हा हक्क थेट घटनेच्या ३२ व्या कलमात. १९७७ च्या १९ ऑक्टोबरला तिथल्या वर्णभेदी सरकारने 'द वर्ल्ड' पेपर एका दिवसात बंद केला आणि संपादक पर्सी कोबोझांना उचललं, वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत वारल्यानंतर जेमतेम सव्वा महिन्यात. अशा लपवाछपवीतून गेलेला देश तो. त्या माहितीच्या कायद्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं छोटं नाव पाया (PAIA). ऐकूनच म्हटलं, वा, इथे काम होणार.

कसलं होतंय. फॉर्म २ भरला, त्यांच्या माहितीपुस्तिकेत ईमेल होता त्यावर पाठवला. मेल परत. पुस्तिकेतला अधिकारी केव्हाच बदललेला. कायद्याने नगरपालिकेचा माहिती अधिकारी म्हणजे म्युनिसिपल मॅनेजर, पण तिथे तेव्हा ॲक्टिंग मॅनेजर होते आणि ते कधीच जागेवर नसत. मग कागद घेऊन टॅक्सीने (टॅक्सी म्हणजे आपली वडाप, सेम कोंबाकोंबी) स्वतः गेले. रिसेप्शनला एक वयस्कर बाई, त्यांना म्हणायचं मामा. खोसा या तिथल्या भाषेत आईच्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात, पहिले पंधरा दिवस माझी जीभच वळेना. "मोलो मामा" म्हटलं, अर्ज पुढे केला. त्या म्हणाल्या ठेवून जा. मी म्हटलं पोचपावती? पोचपावती ही चीजच त्यांच्या गावी नाही. आपल्याकडे निदान आवक-जावक टेबल तरी असतं, शिक्का मारून नंबर देतात, मग भले अर्ज केराच्या टोपलीत जावो. तिथे शिक्का ज्यांच्याकडे ते साहेब "जस्ट नाऊ" येणार होते. तिकडे जस्ट नाऊ म्हणजे आत्ता नव्हे बरं का, आपलं "येतोच पाच मिनिटांत" असतं ना, ते. साडेतीन तास बसले. वीज गेली, आली, साहेब नाहीत.

दुसऱ्या खेपेला तेच. मला इतका राग आला होता की कागद टेबलावर टाकून निघून जाणार होते, पण तारखेचा पुरावा नसेल तर ३० दिवस मोजायचे कुठून? आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर ते नकार धरून अपील करता येतं, सगळा खेळ त्या एका तारखेवर. (ते आणखी ३० दिवस वाढवून घेऊ शकतात, पण तसं कळवावं लागतं.)

तिसऱ्या खेपेला पायाच्या कलम १९ ची प्रिंट घेऊन गेले. त्यात लिहिलंय की अर्जदाराला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. मामांनी ती वाचली नाही, माझा फॉर्म मात्र पहिल्यांदाच नीट वाचला. टँकर शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, आमच्या गल्लीत शनिवारपासून आलेला नाही. मग खालचा ड्रॉवर उघडला, चहाच्या पाकिटाखाली शिक्का! इतके दिवस तिथेच. त्याचं तारखेचं चाक मागच्या महिन्यावर अडकलेलं, फिरेचना, म्हणून त्यांनी तारीख पेनाने लिहून वर सही केली. मी तिथल्या तिथे मोबाईलवर दोन फोटो काढले.

पुढचं पटकन सांगते, ३० दिवस शांतता, ३१ व्या दिवशी अपील टाकलं, ४३ पानं आली, त्यातली सहा काळी फासलेली. बातमी झाली. अंक द्यायला गेले तर मामांनी त्यातला फोटो बघितला आणि विचारलं टँकर कधी येणार. मी काय सांगणार, कप्पाळ.

हां, आणि अपीलाला तिथे ६० दिवस असतात, आपल्याकडच्या पहिल्या अपीलाचे ३० डोक्यात धरून मी उगाच रात्र जागून लिहिलं, तसं करू नका. फी भरल्याची मूळ पावती कुणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या. खाजगी कंपनीकडूनही त्या कायद्याखाली कागद मागता येतात, फक्त आपल्या कुठल्या हक्कासाठी ते लागतात हे दाखवावं लागतं. हे मला खूप उशिरा कळलं, नाहीतर टँकरवाल्यालाच अर्ज टाकून बघितला असता.