‘कासवाचे डोळे सुजलेत, काय करू?’

सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या कुठल्याही ऑनलाइन गटात हा प्रश्न हमखास येतो. सोबत अंधुक फोटो असतो: प्लास्टिकचा ट्रे, मधोमध प्लास्टिकचंच माडाचं झाड आणि नाण्याएवढं लाल कानाचं कासव. त्यावर पहिलं उत्तर येतं, ‘आणायच्या आधी अभ्यास करायला काय झालं होतं?’ विचारणारा गट सोडून जातो. कासव मात्र त्याच ट्रेमध्ये राहतं, आता विचारायलाही कुणी नसतं. म्हणून मला हे उत्तर प्राण्याच्या दृष्टीनेच चुकीचं वाटतं.

त्याऐवजी चार गोष्टी विचारा. खायला काय देता? पाणी किती लिटर, कधी बदललं? पाण्याचं तापमान किती? दिवा कुठला, किती अंतरावर?

बहुतेक वेळा पहिल्या उत्तरातच निदान सापडतं. दुकानातून कासवाबरोबर सुक्या झिंग्यांची डबी मिळते आणि घरात महिनोन्‌महिने तेवढंच दिलं जातं. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. पापण्यांचं आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथी तुंबतात, डोळे मिटतात. डोळे मिटले की अन्न दिसत नाही आणि खाणं थांबतं. घाण पाण्यानेही डोळे असेच सुजतात, म्हणून दुसरा प्रश्न. आज करायचं ते इतकंच: पूर्ण पाणी बदला, ते २६ ते २८ अंशांवर ठेवा, डोळ्यांत दुकानातले थेंब घालू नका आणि एक-दोन दिवसांत सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. अंदाजाने जीवनसत्त्वाचं इंजेक्शन नको. ‘अ’ जास्त झालं तर कातडी सोलून निघते. कासव पोहताना एका बाजूला कलत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसांचा संसर्ग असू शकतो. मग त्याच दिवशी जायला हवं.

बरं झाल्यावर कासवांसाठीचे चांगले पेलेट्स (तयार खाद्याचे दाणे) द्यावेत. पिल्लाला रोज, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढे; मोठ्याला एक दिवसाआड आणि बाकी हिरवा पाला. किसलेलं गाजर चालतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कणकेच्या गोळ्या आणि पाव अजिबात नको. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड) मिळतो. त्याची मागची कडक पापडी काढून तुकडा पाण्यात टाकला की कॅल्शियमची सोय होते.

दिव्याच्या प्रश्नावर ‘खिडकीतून ऊन येतं’ असं उत्तर आलं, तर थांबून समजावून सांगा. काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. ते न मिळाल्याने ‘ड ३’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. यूव्हीबीची टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) कासव पाण्याबाहेर येऊन जिथे ऊन खातं त्या जागेपासून साधारण ३० सेंटीमीटरवर, मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक न ठेवता लावावी. त्या जागेचं तापमान ३२ ते ३५ अंश हवं. नळी वर्षाने बदलायची, कारण उजेड तसाच दिसला तरी यूव्हीबी घटलेलं असतं. बसवल्याची तारीख नळीच्या टोकावर पेनाने लिहून ठेवा.

अनुभवी माणसंही गट सोडून जातात, ती वेगळ्या कारणाने. एक म्हणतो पाण्यात हीटर लागतच नाही, दुसरा म्हणतो हीटरशिवाय कासव मरेल, आणि वाद चिघळतो. पहिला मुंबईचा असतो, दुसरा नाशिकचा. नाशिकला डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो. इतक्या थंड पाण्यात पचन थांबतं. नागपुरात मे महिन्यात तर पाणी गार कसं ठेवायचं हा प्रश्न असतो. तेव्हा सल्ला देताना शहर, महिना, पाण्याचे लिटर आणि थर्मामीटरवरचा आकडा लिहायची सवय हवी. निम्मे वाद तिथेच मिटतील. हीटरचं गणित ढोबळमानाने लिटरमागे एक वॉट. त्याला प्लास्टिकची जाळी हवीच, मोठं कासव हीटरची काच फोडतं. आणि पाणी काढण्याआधी प्लग काढा.

कधी फोटोत स्टार कासव किंवा मऊ पाठीचं देशी कासव असतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे. हे लपवायचं नाही, पण जाहीर धिंडही काढायची नाही. घाबरलेला माणूस रात्रीत ते जवळच्या तळ्यात सोडून देतो. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक द्या आणि प्राणी त्यांच्याकडेच सोपवायला सांगा.

लाल कानाच्या कासवाबद्दल एक गोष्ट नवख्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. मादी २५ ते ३० सेंटीमीटरची होते आणि २० ते ३० वर्षं जगते. कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर धरले तर दहा इंचाला ४०० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन ४०० किलो. घरातलं टेबल ते पेलणार नाही. जमिनीवर ठेवलेली, वरून कापलेली पाण्याची टाकी स्वस्त पडते. फिल्टर मात्र पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा. इतकी जागा नसेल तर कासव घेऊच नये. आधीच घेतलं असेल तर मोठी टाकी असलेला दुसरा पाळणारा शोधून द्यावा. तळ्यात कधीही सोडू नये: हे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं कासव आहे, आपल्या पाण्यात देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं.