ग्रासजवळची सुगंधी बाग: नाक, बोटं आणि दीड तास

फुलं बघायची म्हणून या बागेत शिरलेला माणूस हमखास नको तिथे नाक नेतो. भूमध्य समुद्राकाठच्या बहुतेक वासाच्या झाडांचं तेल पाकळीत नसतंच. ते पानावरच्या बारीक लवेत असतं, फांदीवरच्या चिकात असतं, एखाद्याचं तर मातीखालच्या गाठीत. कुठे चोळायचं, किती चोळायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे सांगणारं कुणी बरोबर असेल तर दीड तासात पुष्कळ पदरात पडतं. नसेल तर झाडांजवळच्या पाट्या वाचून माणूस बाहेर येतो.

बाग दक्षिण फ्रान्समध्ये, कान (Cannes) आणि अत्तरांचं शहर ग्रास (Grasse) यांच्या मधल्या मुआँ-सार्तू गावाबाहेर आहे. ग्रासमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अत्तर संग्रहालयाचीच ही बाग, पाच एकरांहून मोठी. तिचे दोन भाग आहेत. एकात ग्रासच्या आसपास अत्तरासाठी जी शेती होत आली तिचे सरळ वाफे: सेंटिफोलिया गुलाब, जाई, निशिगंध, लॅव्हेंडर. दुसऱ्यात वळणावळणाची वाट, आणि तिच्या कडेची झाडं वासाच्या कुळांप्रमाणे लावलेली. ग्रास परिसरातलं फुलशेतीपासून अत्तर जुळवण्यापर्यंतचं कसब २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्यातला शेतीचा भाग जवळून बघायचा तर शहरातल्या दुकानांपेक्षा ही जागा बरी.

आधी ठरवायची ती तारीख, कारण सगळं एकाच वेळी कधीच फुलत नाही. सेंटिफोलिया गुलाब फक्त मे महिन्यात, तोही जेमतेम तीन-चार आठवडे. कडू संत्र्याचा बहर एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत. लॅव्हेंडर जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत. जाई आणि निशिगंध ऑगस्टपासून पुढे, ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे गुलाब आणि जाई एका फेरीत मिळत नाहीत. एकदाच जाणं होणार असेल तर मी मेचा दुसरा आठवडा निवडेन. गुलाब असतो, संत्र्याचा शेवटचा बहर असतो आणि पानांच्या झाडांना कोवळी फूट असते. हिवाळ्यात बाग बंद ठेवतात, त्यामुळे फेब्रुवारीतल्या पिवळ्या मिमोसासाठी ग्रासला येणाऱ्यांनी हा बेत त्यात धरू नये.

कान ते ग्रास रेल्वेवर मुआँ-सार्तू स्टेशन आहे. नीसहून कानमार्गे येता येतं. स्टेशनवरून पुढे बस किंवा टॅक्सी. मार्गदर्शकासह फेरीची नोंदणी आधी करावी लागते आणि ती करताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: फेरी कोणत्या भाषेत आहे, आणि गटात किती जण आहेत. फ्रेंच फेरीत झाडांची लॅटिन नावं कळतात, पण "आता चोळा", "आता नको" हे निसटतं, आणि खरी गंमत त्यातच असते. गट दहा-बारांचा असेल तर प्रत्येकाच्या हाती पान येतं. पंचवीस जण असले की पुढचे चार हुंगतात, मागचे फोटो काढतात. वेळ सकाळी दहाच्या आतली घ्या. ऊन चढलं की तेल उडतं आणि सगळ्या वासांचा एक गरम काला होतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर ओल्या मातीचा वास तासभर सगळ्यांवर पसरून बसतो. तेव्हा उशिराची वेळ मिळाली तर घ्यावी.

त्या दिवशी अत्तर, सेंट, वासाचं सनस्क्रीन, वासाचं केसांचं तेल यांपैकी काहीही लावायचं नाही. गटातल्या एकानं लावलं तरी सगळ्यांना भोवतं. सिगारेट, तंबाखू, तासाभरात घेतलेली कडक कॉफी यांनीही नाक बोथट होतं. टोपी, पाणी, बंद बूट, एक सुती रुमाल आणि पेन्सिल एवढं जवळ ठेवा. मार्गदर्शक सहसा कागदाच्या अरुंद पट्ट्या देतात. अत्तरवाल्यांच्या या पट्ट्यांवर वास घेण्याआधी नाव लिहायचं असतं. नंतर लिहू म्हणालात की पाचव्या पट्टीपाशी गोंधळ ठरलेला.

सुरुवात लिंबूवर्गापासून करतात ते बरोबर आहे. हे वास हलके आणि लवकर उडणारे असतात, नाक ताजं असतानाच कळतात. कडू संत्र्याचं पान उजेडाकडे धरा: आरपार बारीक ठिपके दिसतील, त्या तेलाच्या पिशव्या. आपल्या कढीपत्त्याचं कूळ हेच, त्याच्याही पानात ते ठिपके असतात. या एका झाडापासून तीन वेगळे माल निघतात. फुलांचं तेल वाफेवर काढलं की नेरोली, पानांचं आणि कोवळ्या काड्यांचं काढलं की पेतिग्रँ, आणि फळाच्या सालीचं तेल निराळंच. नेरोलीच्या एका किलोला जवळपास टनभर फुलं लागतात, पेतिग्रँ त्या मानानं स्वस्त. पान चुरगाळून आधी आणि फूल नंतर हुंगा. उलट केलंत तर पानाचा कडवट हिरवा वास लागतच नाही.

यानंतरचा पट्टा मराठी नाकाला सर्वांत ओळखीचा. थाइम बोटांत चोळलं की ओवा आठवतो, आणि ती नुसती आठवण नसते: थायमॉल हे द्रव्य दोन्हींत आहे. पण शेजारचंच थाइमचं दुसरं रोप लिंबासारखं किंवा फुलासारखं वाटू शकतं. दक्षिण फ्रान्समध्ये एकाच जातीच्या थाइमचे सहा रासायनिक प्रकार रानात आढळतात. थायमॉलसारखे तिखट प्रकार उबदार, कोरड्या उतारांवर जास्त; सौम्य प्रकार थंडीचा कडाका जिथे बसतो तिथे. म्हणून एका झुडपावरून मत बनवू नये, दोन-तीन चोळून बघावीत. मरवा इथे भेटला तर नवल वाटून घेऊ नका. गजऱ्यातला आपला मरवा मूळचा याच समुद्राच्या पूर्वेकडचा. राखाडी पानांचा अबसिंथ दिसला की दवणा आठवेल, दोघं एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले. जोतिबाला वाहतात तो दवणा मात्र गोड आणि मऊ, हा कडू. निळ्या तुऱ्यांचं झाड म्हणजे निर्गुडीची इथली बहीण. पान चोळलं की शंका उरत नाही.

लॅव्हेंडरपाशी लोक सर्वाधिक वेळ काढतात आणि सर्वांत कमी बघतात. बागेत दोन झुडपं शेजारी असतील तर देठ पाहा. एका देठाला एकच तुरा असेल तर ते अस्सल लॅव्हेंडर, डोंगरातलं, साधारण ६०० ते ८०० मीटरच्या वर रमणारं. एका देठाला बाजूला आणखी दोन तुरे फुटले असतील तर ते लॅव्हेंडिन, म्हणजे अस्सल लॅव्हेंडर आणि सखल भागातलं रुंद पानांचं लॅव्हेंडर यांचा संकर. त्याला बी धरत नाही, काड्या लावूनच वाढवतात. तेल मात्र भरपूर: एका किलोला ४०-५० किलो तुरे पुरतात, अस्सलला १२० किलोंच्या पुढे लागतात. फोटोतली अथांग जांभळी शेतं बहुतेक लॅव्हेंडिनचीच. वासात फरक कापराचा. नाकात झणझणलं तर लॅव्हेंडिन. तेल पाकळीत नसून फुलाखालच्या टोपीत, निदलपुंजात असतं. म्हणून रंग उतरलेला तुराही वास देतो. तुरा न तोडता दोन बोटांतून खालून वर एकदाच ओढा. मधमाश्या तिथे असणारच. त्या कामात असतात, हात हळू न्यावा. डंखाची ॲलर्जी असलेल्यानं औषध जवळ ठेवूनच या वाफ्यात शिरावं.

इथपर्यंत येईतो नाक थकलेलं असतं. एकच वास दोन-तीन मिनिटं घेत राहिलं की तो लागेनासा होतो, आणि वायोलेटच्या फुलात तर असं द्रव्य आहे की वास आला म्हणेपर्यंत जातो, थोड्या वेळानं परत येतो. कॉफीच्या बिया हुंगायचा उपाय बरेच जण सांगतात, पण त्यापेक्षा साधी हवा कमी पडत नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून चार श्वास घ्या, किंवा वाट सोडून पाण्याच्या टाक्याकडे जाऊन उभे राहा. लांब श्वास ओढू नका. कुत्रा हुंगतो तसे छोटे छोटे घ्या.

चिकाची झाडं मुद्दाम उशिरा. सिस्टसची पांढरी फुलं कागदासारखी, एक दिवसाची, आणि त्यांना फारसा वास नाही. उन्हात चकाकणारं पान मात्र बोटाला चिकटतं: त्यावरचा सुगंधी चीक म्हणजेच लॅबडेनम. जुन्या काळी झुडपांतून फिरून आलेल्या शेळ्यांच्या दाढीतून तो विंचरून काढत. त्याला उजव्या हाताचं बोट लावू नका, डाव्या हाताची करंगळी द्या. तो तासभर निघत नाही आणि पुढच्या प्रत्येक पानात मिसळतो. गटातल्या निम्म्यांची फेरी इथेच बिघडते. जवळच पिवळ्या गोंड्यांचं इम्मोर्तेल असतं. इंग्रज त्याला 'करी प्लांट' म्हणतात, कारण वास खरोखर तयार मसाल्याच्या डब्यासारखा येतो. कढीपत्त्याशी त्याचं नातं काही नाही, फोडणीत घालायचा विचार सोडून द्या.

दोन झाडांपासून हात दूरच. एक सताप, निळसर बारीक पानांचं. त्याचा रस त्वचेवर लागून ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो भाग उन्हापासून झाका. दुसरं कण्हेर. आपल्या अंगणातली कण्हेर मूळची याच पट्ट्यातलीही आहे आणि सर्वांगानं विषारी आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी दाखवून ठेवावं.

शेताच्या भागात जाई बघताना कळतं की ही आपलीच चमेली, मोगरा नव्हे. ग्रासच्या थंडीत ती तग धरत नाही, म्हणून काटक जातीच्या खुंटावर कलम करतात आणि हिवाळ्यात कलमावर मातीची भर घालतात. फुलं रात्री उमलतात, तोडणी पहाटे. एका किलोत आठ ते दहा हजार फुलं बसतात आणि सराईत हात तासाला अर्ध्या किलोच्या आसपास तोडतो. ही आकडेमोड केली की ग्रासची शेती का आटली ते समजतं. आज जाईचा मोठा माल तमिळनाडू आणि इजिप्तमधून येतो. दुपारच्या फेरीत वेलावर चार मलूल फुलं दिसतात, आणि बाग फसवी म्हणून लोक चिडतात. चूक वेळेची असते.

जाई आणि निशिगंध वाफेवर काढता येत नाहीत, उष्णतेनं वास बिघडतो. पण तोडल्यावरही ही फुलं काही तास वास सोडत राहतात. याचाच फायदा घेऊन पूर्वी काचेच्या चौकटीवर चरबी पसरून त्यात फुलं खोचत आणि रोज बदलत. आता द्रावकानं आधी मेणासारखा काँक्रीट काढतात, मग तो मद्यार्कानं धुऊन ॲब्सोल्यूट, म्हणजे निव्वळ सुगंधी अर्क. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तरवाल्यांचा देग-भपका हा तिसराच रस्ता: वाफ थेट चंदनाच्या तेलात. मार्गदर्शकाला हा फरक विचारा, गप्पा रंगतात. आयरिसच्या वाफ्यापाशी मात्र हुंगण्यासारखं काहीच नाही. गाठी खणून, सोलून जवळपास तीन वर्षं वाळवल्यावर त्यांना वायोलेटसारखा वास येतो. वाळलेली गाठ दाखवायला असेल तर ती हातात घेऊन बघा, ताज्या गाठीला कच्च्या बटाट्याइतकाच वास असतो.

शेवटी खरेदी. लॅव्हेंडरचं तेल घेताना बाटलीवर 'लॅव्हॅंड्युला अँगुस्टिफोलिया' हे नाव असेल तरच अस्सलचा भाव द्या. १०० मिलिलिटरवरची बाटली चेक-इन सामानात जाऊ द्या. रोपं, काड्या, बिया भारतात आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर माल काढून घेतात. तसंही लॅव्हेंडर पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात मुळं कुजून मरतं. रोझमेरी टिकते, आणि तिची रोपं इथल्याच नर्सरीत मिळतात: मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, तळाला मोठं भोक, जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीखाली, आणि वरची दोन इंच माती वाळल्याशिवाय पाणी नाही.