सीसॅटला हलक्यात घेऊ नका रे

यूपीएससी प्रिलिम्स (पूर्वपरीक्षा) म्हटलं की सगळे पॉलिटी, इकॉनॉमी घोकत बसतात आणि सीसॅट, म्हणजे उतारे-गणितं-तर्काचा दुसरा पेपर, काय नुसतं क्वालिफाइंग (पास होण्यापुरतं) तर आहे म्हणून सोडून देतात, पण २०० पैकी ६६ मार्क पडले नाहीत ना तर जीएस (सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर) कितीही भारी जाऊदे, मेन्सचं (मुख्य परीक्षेचं) नाव काढायचं नाही. त्यात उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कट. मेन्स मराठीत लिहिता येते हो, पण प्रिलिम्सचा पेपर इंग्रजी-हिंदीतच येतो, म्हणजे उतारे वाचायची सवय हवीच. मी घाटकोपरहून दादरच्या लायब्ररीत जाताना लोकलमध्येच उतारे सोडवते, कुर्ल्याच्या धक्काबुक्कीत डोकं चाललं तर हॉलमध्ये चालेलच की! (चौथी सीट मिळाली तर बोनस.) गणितं मात्र घरीच, घड्याळ लावून.