रदीफ मिसिसिपी

रात्रीचे साडेबारा वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून वही उघडली.

सकाळी भाचीचा मेसेज आला, मावशी, मी जी आहे त्याला मराठीत काय म्हणतात? आई माझी सख्खी बहीण, बाबा कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि प्रश्न विचारणारी पोर चौदा वर्षांची. दिवसभर शब्द शोधतेय. मिश्रवंशीय हा पाठ्यपुस्तकातला शब्द, घरात कुणाच्या तोंडी यायचा नाही. संकर म्हटलं की बियाणं नाहीतर गाय डोळ्यासमोर येते, आणि वर्णसंकर तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कुळ बुडायच्या भीतीनं काढतो. हा शब्द मी तिच्या हातात कसा ठेवू?

शेवटी ठरवलं, शब्द राहू दे, तिला एक कविता मराठीत करून देते. नताशा ट्रेथवेची, आई कृष्णवर्णीय आणि वडील गोरे असलेली अमेरिकन कवयित्री. कवितेचं नाव 'मिसेजिनेशन', म्हणजे वंशांच्या सरमिसळीसाठी तिकडच्या कायद्यात वापरला जाणारा जुना शब्द. आणि ही चक्क गझल आहे! रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, मिसिसिपी. १९६५ मध्ये तिच्या आईवडिलांनी ओहायोत जाऊन लग्न केलं कारण मिसिसिपी राज्यात असं लग्न म्हणजे गुन्हा, आणि करून परत तिथंच आले. ती जन्मली १९६६ च्या एप्रिलमध्ये. सुप्रीम कोर्टानं हे कायदे मोडीत काढले १२ जून १९६७ ला, तोवर सोळा राज्यांत ते होते. म्हणजे पोर चालायला लागायच्या वयाची झाली तरी तिच्या राज्याच्या लेखी आईबापाचं लग्न झालेलंच नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

गझलच का, ते भाषांतर करता करता कळलं. शेर, म्हणजे दोन-दोन ओळी, सुटे असतात ना. एका शेरात ओहायोतलं सिनसिनाटी, एकात कॅनडाला निघालेली ट्रेन, एकात टॉलस्टॉय वाचता वाचता मुलीचं नाव ठरवणारा बाप, मधलं काहीच सांगायचं नाही. घरातल्या गोष्टीही अशाच कळतात, कधी लग्नाच्या पंगतीत अर्धी, कधी कुणी गेल्यावर उरलेली. आणि कुठूनही निघा, ओळ मिसिसिपीवरच येऊन थांबते, जिथे तिला नाकारलं होतं तिथेच.

एका जागी मात्र हात टेकले. सिनसिनाटीच्या सुरुवातीला 'सिन' म्हणजे पाप ऐकू येतं, मिसिसिपीच्या सुरुवातीला 'मिस' म्हणजे चुकीचं. मराठीत हा खेळ बसेना, तासभर खाडाखोड केली, मग ती ओळ सरळ अर्थ सांगून लिहिली, आवाज गेला त्याचं वाईट वाटतंय.

डेरेक वॉलकॉटचंही काहीतरी पाठवणार होते, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाचा कवी, दोन्ही आजोबा गोरे, दोन्ही आज्या गुलामांच्या वंशातल्या, पण त्याच्या कवितेतलं रक्त विभागल्याचं दुखणं मला आत्ता तिच्यासाठी नको वाटलं. थोडी मोठी होऊ दे.

शेवटच्या शेरात नताशा स्वतःचं नाव आणते, गझलेच्या शेवटी कवीचं टोपणनाव, तखल्लुस, येतो तसं, आणि नावाचा अर्थही सांगते. अकरा वाजता सगळं पाठवलं. लगेच उत्तर आलं, मावशी, माझ्या गझलेत शेवटी मी माझं नाव घालू का?

घाल म्हटलं, पण आधी रदीफ ठरव. अजून ठरवतेय.