एका प्रश्नाला ७२ सेकंद

माझी मुलगी पाचवीच्या ‘अ’ तुकडीत आहे. ही तुकडी चौथीच्या गुणांवरून निवडलेली असल्यामुळे वर्गातले प्रत्येक मूल कधी ना कधी पहिले आलेले आहे, आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्षी शाळेची सारी भिस्त त्यांच्यावरच असते. नेहमीच्या गृहपाठाशिवाय रोज एक सराव प्रश्नपत्रिका घरी येते. जूनमध्ये मला त्याचा अभिमानच वाटला होता.

दिवाळीनंतर एका रात्री साडेदहा वाजता मी तिची वही पाहिली, तेव्हा भागाकाराचे एकच गणित खोडून खोडून कागदाला भोक पडले होते. उत्तर पहिल्यापासून बरोबर होते. शेजारच्या मुलीचे नेहमी आधी होते, त्याअर्थी आपलेच काहीतरी चुकत असणार, असे तिने मनाशी धरले होते.

या परीक्षेत प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास असतो, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सरावाने हा वेग येतो, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु एकेका गणितापाशी रेंगाळणाऱ्या, ‘असे का?’ विचारणाऱ्या मुलीची रोजची संध्याकाळ त्या घड्याळाला बांधली, तर तिचा मूळचा गुणच तिला दोष वाटू लागतो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवला आहे. आमचे दोन तास एकाच संध्याकाळी संपतात.

मी वर्गशिक्षिकांना भेटले. तुकडी बदलून मागितली नाही, कारण तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत. प्रश्नपत्रिका एक दिवसाआड आणि घड्याळ न लावता सोडवू द्यावी, एवढीच विनंती केली. बाईंनी ती लगेच मान्य केली. शेवटच्या पानांवरचे तिचे पेंगुळलेले अक्षर त्यांच्याही नजरेतून सुटले नव्हते.

परवा बुद्धिमत्ता चाचणीत आरशातल्या घड्याळाचा प्रश्न आला. तिने बाबांचा दाढीचा आरसा आणला, भिंतीवरचे घड्याळ खाली काढायला लावले आणि पाऊण तास काटे फिरवत बसली. मग स्वयंपाकघरात धावत येऊन म्हणाली, “आई, चार वाजून दहा मिनिटांचे आरशात आठला दहा कमी दिसतात! बारातून वजा करायचे, की झाले!” ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे, एकदाही न खोडता.