घोडं कुठं पेंड खातंय

घोडं कुठं पेंड खातंय हे आपण एरवी अडलेल्या कामांबद्दल विचारतो, मी मात्र ते खऱ्या घोड्याच्या पाठीवर बसून विचारलंय. म्हणजे वर मी, हेल्मेट-बिल्मेट घालून, पाठ ताठ वगैरे, आणि खाली वादळ (हे त्याचं नाव, स्वभाव मात्र रविवार दुपारचा) मान खाली घालून निवांत गवत उपटतोय. मी टाचा मारतेय, लगाम ओढतेय, चल रे बाबा चल म्हणतेय, घोडा ढिम्म. सर कुंपणाला टेकून बघत होते, म्हणाले, "मॅडम, त्याला काय सांगायचंय ते एकदा ठरवा. टाचेनं जा म्हणताय, हातानं थांब म्हणताय. तो गवत खाणार नाही तर काय करणार?"

चाळिशीनंतर कुणी घोडेस्वारी शिकतं का, तर शिकतं, आणि पडतं पण. पण ते नंतर.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी थेट मांड ठोकायची. छे! आधी आठवडाभर नुसता खरारा, म्हणजे ब्रशनं त्याचं अंग घासणं. आणि जवळ जायचं कसं याचा क्लास वेगळाच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागे दिसत नाही, आणि आपण हौशी माणसं नेमकी तिथेच जाऊन उभी राहतो. म्हणून खांद्याकडून, बोलत बोलत जायचं, मागून वळसा घालताना पाठीवर हात ठेवायचा म्हणजे त्याला कळतं की हे तेच माणूस आहे. नाहीतर दुगाणी. तो रागानं झाडत नाही हो, घाबरून झाडतो, पण बरगडीला ते काय सांगणार.

मग तंग. खोगिराचा पट्टा आवळायला लागलं की वादळ पोट फुगवून उभा राहायचा. मी आवळून झाले की सोडायचा. पट्टा सैल, खोगीर सरकणार, बाई घोड्याच्या पोटाखाली. म्हणून दोन पावलं चालवून पुन्हा आवळायचा आणि मगच चढायचं, ते पण डावीकडून, कारण पूर्वी स्वारांच्या कमरेला डाव्या बाजूला तलवार असायची म्हणे. तलवारी गेल्या, डावी बाजू राहिली.

साध्या चालीत टापांचे चार ठोके असतात, दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, दोन. हे कागदावर छान वाटतं. पहिल्यांदा दुडकी सुरू झाली तेव्हा खोगीर वर येतंय तेव्हा मी खाली जातेय आणि मी वर जातेय तेव्हा ते खाली, उखळात मुसळ आपटावं तसा सगळा प्रकार, दात वाजतायत, सर ओरडतायत "उठा, बसा, उठा, बसा". असं बरेच दिवस चाललं आणि मग एका सकाळी काय झालं कुणास ठाऊक, ठोका मांड्यांना सापडला. मी उठत नव्हते, तो मला उठवत होता. टापांचा आवाज, त्याचं फुरफुरणं, आयाळीचा घामट वास, आणि मी काहीच करत नाहीये. चारच फेऱ्या झाल्या असतील. त्या चार फेऱ्यांवर मी पुढचे दोन महिने काढले.

आता पडण्याचं. एक प्लॅस्टिकची पिशवी, बस्स, वाऱ्यानं कुंपणाला अडकून फडफडली आणि साडेचारशे किलोचं जनावर असं बुजलं की मी जिथं होते तिथंच हवेत राहिले आणि घोडा शेजारी गेला. रेतीत पाठीवर. नशीब, पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणारी, पाऊल ठेवायची कडी) सुटला. टाच खाली, टाच खाली असं सर का घोकायचे ते तेव्हा कळलं, पाऊल रिकिबीत आरपार घुसलं आणि घोडा पळाला तर फरपट होते, आणि खरी भीती पडण्याची नसून त्या फरपटीची असते. हेल्मेट त्याच दिवशी बाद केलं, एकदा मार बसलेलं परत वापरायचं नाही म्हणून. वादळ पाच पावलांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता, खाली का बसली ही, असं.

शिकवणं म्हणजे काय हे मला वादळला मागे सरकायला शिकवताना समजलं. लगामाचा हलका दाब द्यायचा आणि त्यानं पाव पाऊल जरी मागे टाकलं तरी त्याच क्षणी सोडायचा. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतो. सोडायला दोन सेकंद उशीर झाला की तो भलतंच काहीतरी शिकतो. आणि इथे माझी घोडचूक उघडी पडली. वादळ गवताकडे मान ओढायचा, माझे हात दुखायचे, मी लगाम सोडायचे. म्हणजे मी त्याला रोज, अगदी शिस्तीत, शिकवत होते की मान ओढ, बाई सोडते.

बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता, खुर आपटून गणितं सोडवायचा. 1904 साली तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी काही सापडली नाही. मग 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शोधून काढलं की बरोबर उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याची मान, चेहरा नकळत किंचित हलतो आणि हान्स ते बघून थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स पण नापास. लोक म्हणाले, हात्तिच्या, म्हणजे घोड्याला गणित येत नाही! मला तर हे गणितापेक्षा भारी वाटतं. मी नुसती मान वळवून डावीकडे बघितलं की वादळ डावीकडे जातो, कारण माझ्या बुडाचं वजन सरकलेलं त्याला माझ्या आधी कळतं.

परवा सरांनी सांगितलं, लगाम ओढायचा नाही, फक्त सावकाश श्वास सोडा आणि जड बसा. मी श्वास सोडला. वादळ थांबला, चारी पाय चौकोनात, एक कान माझ्याकडे. मी इतकी खूश झाले की हातातला लगाम सैल पडला, आणि त्यानं मान खाली घातली.